बंद कारखान्यांच्या शहरांना आधी जमीन सोडवून द्या

मा. नगरविकास मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

कारखाना बंद पडून ज्यांचा कणा मोडला अशा लहान शहरांसाठी धोरण आखायला बसाल, तेव्हा टेबलावर सगळ्यात आधी येईल तो एखाद्या भव्य प्रकल्पाचा आराखडा. सही करण्याआधी अमेरिकेतल्या फ्लिंटकडे एकदा पाहा. मोटारींवर जगलेल्या या शहरात धंदा ओसरल्यावर १९८४ मध्ये 'ऑटोवर्ल्ड' नावाचं बंदिस्त मनोरंजन केंद्र उघडलं. पर्यटक लोटतील असा हिशेब होता. काही महिन्यांतच टाळं लागलं. पुन्हा उघडायचा खटाटोपही फसला आणि १९९७ मध्ये ते पाडून टाकलं.

त्याच फ्लिंटच्या कामी पुढे आला एक रुक्ष कायदा. फ्लिंट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये कर थकलेल्या मिळकती वर्षानुवर्षं लटकत राहायच्या. थकबाकीचा हक्क लिलावात कुणी सट्टेबाज घ्यायचा, मालक फिरकायचा नाही, छप्पर कोसळायचं आणि शेजारच्या धडधाकट घराचाही भाव उतरायचा. १९९९ च्या कायद्याने कर थकल्यापासून जप्तीपर्यंतची मुदत आखडली आणि न्यायालयाच्या निकालाने निर्वेध मालकी काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याकडे, येऊ लागली. त्यातून फ्लिंटच्या जेनेसी काउंटीत जमीन बँक उभी राहिली. पडकी घरं पाडायची, बरी असतील ती दुरुस्त करून विकायची, लागूनचा रिकामा तुकडा शेजाऱ्याला द्यायचा, असं तिचं काम. फ्लिंट त्यामुळे सावरलं असं मी म्हणणार नाही, ते अजून धडपडतंच आहे. पण कुणी जागा मागायला आलाच, तर दाखवायला वादात न अडकलेली जागा तरी आहे.

बंद कारखान्याच्या आवाराचं दुखणं याहून मोठं. बँकेचा बोजा, कामगारांची देणी, वारसांचे दावे आणि मातीत मुरलेली रसायनं. लहान नगरपालिकेला हे पेलत नाही. तिच्याकडे धड एक कायदा सल्लागार असला तरी नशीब! म्हणून अशी जागा राज्यानेच ताब्यात घ्यावी. जर्मनीत एसेनची त्सोलफेराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली, तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने ती विकत घेतली. २००१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. मधली पंधरा वर्षं कुणीतरी ती सांभाळली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

जमिनीनंतर माणसं. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने कोणत्या शहरांना मदत द्यायची ते कायद्यातच लिहिलं: लोकसंख्या ३५ हजार ते अडीच लाख, उत्पन्न आणि शिक्षण राज्याच्या सरासरीहून कमी. (निकष असे उघड असले की शिफारशीच्या चिठ्ठ्याही कमी होतात.) मग 'मासडेव्हलपमेंट' या सरकारी वित्तसंस्थेने अशा शहरांत पायी फिरता येईल एवढेच भाग निवडले आणि तिथे काम करायला माणसं नेमली. दुकानदार, जागामालक आणि पालिका यांना एका टेबलाशी बसवणं, हे काम इमारत बांधण्यापेक्षा अवघड आहे आणि त्याचा फोटो निघत नाही.

मदतीला मुदत मात्र हवी. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या १९८७ च्या कायद्याखाली स्क्रँटन शहर १९९२ मध्ये आर्थिक संकटग्रस्त ठरलं, ते त्यातून बाहेर पडलं थेट २०२२ मध्ये. मध्यंतरी, २०१४ मध्ये, त्या राज्याला कायदा बदलून पाच वर्षांची मर्यादा घालावी लागली.

पहिल्या अर्थसंकल्पात दोनच तरतुदी करा: अडकलेल्या जागा सोडवण्यासाठी निधी आणि नगरपालिकांत त्यासाठी लागणारी पदं. ही पदं सलग पाच वर्षांसाठी मंजूर करा, वर्षावर्षाच्या कंत्राटावर नकोत.

कळावे,
एक नागरिक