रोमचे वाहते नळ आणि आपली बुजत चाललेली नहर

महोदय,

सुट्ट्यांच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून युरोपच्या सहलींचे लेख येतात आणि ते मी आवडीने वाचते. मात्र रोम म्हटले की कलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेवीच्या कारंजात नाणे टाकणे, एवढ्यावरच बहुतेक लेखांची गाडी थांबते. मी इटलीतील तोरिनो येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि गेल्या मार्चमध्ये शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली तेव्हा अडीच दिवसांत रोम पाहून आले. तिथे पाहिलेल्या पाण्याच्या जुन्या व्यवस्थेचा संबंध थेट माझ्या गावाशी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या नहरीशी (डोंगरातले पाणी शहरात आणणाऱ्या जुन्या भुयारी मार्गाशी) असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

रेल्वे स्थानकाबाहेर पाण्याची बाटली दोन युरोला विकत घेतली आणि थोडे पुढे जाते तोच पदपथावर कमरेएवढा ओतीव लोखंडाचा एक नळ अखंड वाहताना दिसला. असे सुमारे अडीच हजार नळ शहरभर आहेत. १८७४ पासून ते बसवण्यास सुरुवात झाली आणि वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना ‘नासोनी’, म्हणजे मोठ्या नाकाचे, म्हणतात. तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असते; खालचे तोंड बोटाने दाबले की त्या भोकातून पाण्याची धार वर उसळते आणि माणूस न वाकता पाणी पितो. मी कौतुकाने आईला व्हिडिओ कॉल करून ही गंमत दाखवली, तर तिचे पहिले वाक्य होते, “अगं, आधी ती तोटी बंद कर की!” तोटी बंद करायला चावीच नाही, पाणी नळात साचून राहू नये म्हणून ते वाहतेच ठेवतात, हे तिला पटवण्यात माझी पाच मिनिटे गेली आणि तरीही ते तिला पटलेले नाही. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहून पिंप आणि हंडे भरून ठेवणाऱ्या बाईला ते पटावे, ही अपेक्षाही चुकीचीच म्हणायची.

त्रेवीच्या कारंजासमोर गर्दी इतकी होती की नाणे टाकण्यापेक्षा पाकीट सांभाळणे महत्त्वाचे होते. या कारंजाला पाणी पुरवणारा ‘अक्वा व्हिर्गो’ हा कालवा रोमन सेनापती मार्कुस आग्रिप्पा याने इ.स.पूर्व १९ मध्ये बांधून घेतला. आजचे संगमरवरी कारंजे १७६२ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे पाणी आधीचे आणि शोभा कितीतरी नंतरची. इ.स. ५३७ मध्ये गॉथ सैन्याने रोमला वेढा घालून शहराचे कालवे तोडले, पण हा कालवा बहुतांश जमिनीखालून येत असल्याने इतरांइतका उद्ध्वस्त झाला नाही, आणि १४५३ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी त्याची दुरुस्ती करवून घेतली. तिथून चालत दहा मिनिटांवर स्पॅनिश पायऱ्यांखाली बुडत्या नावेच्या आकाराचे एक कारंजे आहे. ते रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली का बसवले आहे, याचे उत्तर अभियंत्याला आवडेल असे आहे: केवळ उतारावर येणाऱ्या या पाण्याला तिथे उंच उसळण्याइतका दाबच नव्हता, म्हणून शिल्पकाराने नावच अर्धी बुडवली.

याच कालव्याच्या जुन्या कमानी जवळच्या एका बहुमजली दुकानाच्या तळघरात आहेत. नव्या बांधकामात त्या जपून ठेवल्या आणि आज कपडे घ्यायला आलेला माणूस सरकत्या जिन्याने खाली उतरून त्या फुकट पाहू शकतो. हे पाहताना मला आमच्या गल्लीतील एका घराचा पाया आठवला. दोन वर्षांपूर्वी तिथे खोदताना चुन्यात बसवलेले खापरी नळ निघाले होते आणि दुपारपर्यंत ते मातीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडले होते. एक तुकडा मी उचलून आणला, तो अजून आमच्या गच्चीवर तुळशीशेजारी आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हा उत्तरेकडील डोंगरांतले पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात तिला इतर नहरींची जोड मिळाली, आणि त्यांपैकी एकीच्या पाण्यावर पाणचक्कीत दळण होई. पाणचक्कीच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, ही गोष्ट मी रोममध्ये माझ्या इटालियन मैत्रिणीला सांगितली, तेव्हा तिने ती वहीत लिहून घेतली. आपल्याकडे शाळेच्या सहलीत मात्र आम्हाला पाणचक्की दहा मिनिटांत दाखवून बीबी का मकबऱ्याकडे नेले होते, आणि ते पाणी येते कुठून, हे कोणी सांगितलेच नाही.

रोममध्ये सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. कचरा तिथेही ओसंडतो. पाणीचोरी तर तिथली फार जुनी आहे. इ.स. ९७ मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्रोन्टिनुसने रस्त्याखालचे नळ फोडून चोरून जोडण्या देणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी तक्रार लिहून ठेवली आहे. शिवाय आजचे रोम त्या प्राचीन कालव्यावर जगत नाही. पिण्याचे पाणी प्रामुख्याने पेस्किएरा झऱ्यांवरून येते आणि जुन्या कालव्याचे पाणी कारंजांना जाते. तेव्हा नहर दुरुस्त केली की जायकवाडीच्या पाण्याची गरज संपेल, असा भाबडा दावा मी करत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मी मामाकडे लातुरातच होते. तहान किती मोठी असते, हे मला कोणी सांगायला नको.

माझे म्हणणे एवढेच आहे की जलवाहिन्यांसाठी रस्ते खोदण्यापूर्वी नहरींचा मार्ग नकाशावर पक्का करावा, हवेसाठी ठेवलेली त्यांची तोंडे कचऱ्याने बुजू देऊ नयेत, आणि जिथे पाणी अजून झिरपते तिथला गाळ काढून ते निदान बागा आणि झाडांना द्यावे. ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर येत आहे, तेव्हा माझ्या जुन्या महाविद्यालयातील काही मित्रमैत्रिणींसह बेगमपुरा परिसरातील अशा तोंडांची मोजणी करण्याचा आमचा विचार आहे. ज्यांच्या अंगणात वा वाड्यात असे एखादे तोंड असेल, त्यांनी तोवर त्यावर फरशी टाकू नये, ही विनंती.

आपली,
एक विद्यार्थिनी,
बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर