भिंतीची ओल आधी काढा

रुग्णालये, वृद्धाश्रमांच्या भिंतींवर वारली चित्रे काढली जातात, हे छानच. पण मागच्या न्हाणीघरातली गळती तशीच ठेवून रंगवलेल्या भिंतीला पावसाळ्यात फुगे येतात, आणि पोपडे निघालेला चित्रातला तारपा (वारल्यांचे फुंकवाद्य) कोऱ्या भिंतीहून उदास दिसतो. नवे प्लास्टर किमान 28 दिवस वाळू द्यावे. मग पुट्टी, प्रायमर, कमी वासाचे धुता येणारे इमल्शन रंग, वर मॅट म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक कोट. चकचकीत नकोच, ट्यूबलाइटची तिरीप थकलेल्या डोळ्यांना सोसत नाही. स्ट्रेचर घासतो तो जमिनीपासून 90 सेंटिमीटरचा पट्टा साधा ठेवावा. चित्रातली माणसे त्या पट्ट्याच्या लगेच वर काढावीत, म्हणजे व्हीलचेअरवरून सहज दिसतील. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांजवळ मात्र जमिनीवर गडद आकार काढू नयेत. त्यांना तिथे खड्डा भासतो आणि पाऊल अडते.

– भित्तिचित्रांचे काम करणारे काही वाचक