एरमाना, तुम्ही मला परत म्हणायला लावलंत

प्रिय एरमाना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत का, असं तुम्ही नक्की विचाराल. स्पॅनिशमध्ये मी तुमचे आभार शंभर वेळा मानले असतील. 'ग्रासियास' म्हणायला काय लागतं? पण आज ज्याबद्दल लिहायचंय ते तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या डोळ्यांदेखत, मराठीत घडलं होतं. तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं तरी. म्हणून आधी इथे, माझ्या लोकांत लिहिते. मग तुम्हाला फोनवर वाचून दाखवीन.

वाचणाऱ्यांना जरा मागचं सांगते. एरमाना म्हणजे स्पॅनिशमध्ये ताई किंवा बहीण. मी युटामध्ये वाढले. आई-बाबा सांगलीकडचे. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर जाता जाता मी तिच्या चर्चमध्ये रमले आणि १८ पूर्ण झाल्यावर, घरातली रडारड सोसून, बाप्तिस्मा घेतला. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. हे नाव वापरू नका, पूर्ण नाव घ्या, असं चर्चने २०१८ मध्ये सांगितलं. पण 'अंत्यदिवसांतील संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च' एवढं म्हणून होईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो. आम्ही चहा पीत नाही, ते वेगळंच. आईला धर्म बदलल्याचं लागलं त्याहून, मला वाटतं, चहा सोडल्याचं जास्त लागलं.

आमच्यात मुलगे १८ वर्षांचे झाले की दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊ शकतात. मुलींना तेव्हा १९ पूर्ण लागायची आणि मुदत १८ महिन्यांची. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, खर्च आपला. त्या वेळी महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत. बाबा म्हणाले, "एक पैसा देणार नाही." मग मी वर्षभर बेकरीत पहाटेची पाळी केली. २०१६ मध्ये पत्र आलं: मेरीलँड, भाषा स्पॅनिश. प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात ६ आठवडे क्रियापदं घोकली आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून तुमच्या दारात उभी राहिले. पट्टीवर 'एरमाना' आणि पुढे माझं आडनाव. त्यातला ळ तुमच्या अख्ख्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, कुणाला जमला नाही. पण फिट्टंफाट झाली, कारण पहिल्याच दिवशी मी तुम्हाला 'हेरमाना' म्हणाले होते आणि तुम्ही म्हणालात, "तो एच नुसता बसायला आलाय, बोलायला नाही."

माझी मिशनमधली जोडीदारीण आयडाहोची. तिचे त आणि द कायम ट आणि ड व्हायचे. मला ते घरूनच मिळालेले. 'पान' म्हणजे पाव, आणि आपला पाव पोर्तुगीजांकडचा, म्हणजे दोघं चुलतभाऊच. प्रार्थनेत तर गंमतच होती. बिशपना, शेजाऱ्यांना, बसवाल्याला 'उस्तेद' म्हणायचं आणि देवाला मात्र 'तू'. स्पॅनिशमधला 'तू' उच्चाराने आणि अर्थाने आपलाच तू आहे! इंग्रजीत वाढलेल्या मुली तिथे अडखळायच्या. मला काही वाटलं नाही. विठोबाला कोण अहोजाहो करतं?

एवढं असूनही पहिले सहा महिने माझी स्पॅनिश म्हणजे पाठ केलेली भाषणं होती. बोलायला शिकले ते तुमच्या ओट्यापाशी. तुम्ही एल साल्वादोरच्या, सांता आनाकडच्या कॉफीच्या मळ्यात वाढलेल्या. बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुम्हीही कॉफी सोडलीत. ते ऐकून मला माझ्या चहाचं कौतुक सांगायची लाज वाटली होती. रात्रभर वॉशिंग्टनमधली ऑफिसं झाडून-पुसून पहाटे घरी येताना बेल्टवेवरून, म्हणजे शहराभोवतीच्या मोठ्या रस्त्यावरून, आमच्या चर्चच्या केन्सिंग्टनमधल्या मंदिराचे सोनेरी मनोरे दिसायचे, आणि एक दिवस न राहवून तुम्ही चौकशी केलीत, हे सांगताना तुमचे हात थांबायचे नाहीत. तेल-पाण्यात बोटं बुडवायची, मक्याच्या पिठाचा गोळा घ्यायचा, अंगठ्याने खळगा, त्यात घोटलेला राजमा आणि चीज, तोंड बंद, मग दोन्ही तळव्यांत थाप-थाप-थाप. पुपुसा तव्यावर पडली की तुमचं पुढचं वाक्य सुरू.

आता तो दिवस. १४ मे २०१७. तुमच्याकडे मातृदिन १० मेलाच, वार कुठलाही असो. अमेरिकेत तो दुसऱ्या रविवारी. तेव्हा मिशनऱ्यांना घरी फोन वर्षातून दोनदाच: नाताळात आणि मातृदिनाला. नाताळात आई फोनवर आलीच नव्हती. या वेळी आली. तुमच्या टेबलावर लॅपटॉप, स्काइपवर आई, तिच्या मागे भिंतीवर कालनिर्णय. तुम्ही पिठाच्या हातांनी पुढे आलात आणि तिला नमस्कार केलात. आई म्हणाली,

"त्यांना सांग, आम्हाला एकच मुलगी. ती तुमच्या चर्चने उचलून नेली. आता निदान तिला जेवायला तरी घालत जा."

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं, "आई म्हणते, तुम्ही मला जेवू घालता त्याबद्दल खूप आभार."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग पडद्याकडे. म्हणालात, "हे नाही म्हणाली ती."

"कशावरून?"

"आभार मानताना कोणी असे ओठ आवळत नाही." आणि मग, आवाज न चढवता, "सकाळी चर्चमध्ये पावाची प्रार्थना म्हणताना त्या पोराचा एक शब्द चुकला. बिशपनी काय केलं?"

बिशपनी नुसती मान हलवली होती, आणि पोराने लाल चेहऱ्याने ती प्रार्थना पहिल्यापासून म्हटली होती. प्रभुभोजनाच्या पावावरची ही प्रार्थना शब्दन् शब्द बरोबर यावी लागते; चुकली की पुन्हा.

"मग," तुम्ही म्हणालात, "पुन्हा."

माझे कान तापले. जोडीदारीण कोबीच्या लोणच्याकडे बघत बसली. मी पुन्हा सांगितलं, 'उचलून नेली'सकट. तुम्ही मान डोलावलीत, जणू हेच अपेक्षित होतं, आणि म्हणालात, "तिला सांग, खरं आहे. मी १९८९ मध्ये, लढाई चालू असताना, माझी चार वर्षांची मुलगी माझ्या आईपाशी सोडून इकडे आले. ती आली तेव्हा पंधराची होती. विमानतळावर तिने मला शेकहँड केला. तू राग धर. पण फोन ठेवू नकोस."

तुम्ही 'देहे', म्हणजे सोडलं, म्हणाला होतात. मी मराठीत आधी 'ठेवून आले' म्हटलं. मग तुमच्याकडे बघून बदललं: 'टाकून आले'.

आई बराच वेळ गप्प. मला वाटलं, नेट गेलं. मग तिने विचारलं, "आता बोलते का ती तुमच्याशी?" तुम्ही म्हणालात, "रोज. नको तेवढं." आणि आई हसली, एरमाना. थोड्या वेळाने म्हणाली, "हातात काय आहे तुमच्या?" तुम्ही पुपुसा कॅमेऱ्यासमोर धरलीत, ती इतकी जवळ की पडदाभर पीठच. "अगं, ही तर सारण भरलेली भाकरी!" हे मात्र मी भाषांतरित केलं नाही. तुम्ही आधीच हसत होतात.

फोन संपल्यावर तुम्ही ताट पुढे सरकवून मला पहिल्यांदा 'उस्तेद' सोडून 'वोस' म्हणालात. तुमच्याकडे घरच्या माणसाला म्हणतात तसं.

पुढच्या सोमवारी, मेल बघायच्या आमच्या वारी, आईची मेल आली. आठ महिन्यांतली पहिली. रोमन लिपीतली मराठी, दीड पान, सगळं भांडण. सार्वजनिक वाचनालयात बसून मी ती तीनदा वाचली. आई चर्चमध्ये कधी आली नाही, येणारही नाही, आणि चहावरून अजून बोलते. पण तुमचं तिने ऐकलं: राग धरला, फोन ठेवला नाही.

फेब्रुवारी २०१९ पासून मिशनरी मुलांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. चांगलंच झालं. तरी तुमच्या टेबलाशिवाय आमचा तो फोन कसा झाला असता, याचा विचार मी करत नाही.

एक कामही आहे. गेल्या रविवारी आई मक्याचं पीठ घेऊन बसली होती. तिच्या पुपुसा कडेला फुटतात आणि चीज तव्यावर येतं. विचारतेय, पीठ सैल भिजवायचं की घट्ट, आणि हाताला तेल आधी की पाणी. "शब्दशः विचार," म्हणाली, "मधे तुझं घालू नकोस."

कळवा. प्रिमेरो दिओस, देवाच्या मनात असेल तर, नोव्हेंबरात येते.

तुमची,
ळ-वाली