पुढचं चाक आधी टेकलं की

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

लेक एकटीने सेस्ना उतरवताना ते नाकावर आपटलं, त्याचे फोटो मोठे करून पाहिले. तिला खरचटलंसुद्धा नाही ना? मग बाकी सगळा पत्रा आहे, आणि पत्रा बदलता येतो.

तुझा प्रश्न होता, एवढंसं आपटलं तर विमान इतके दिवस उभं का? सेस्ना १७२, म्हणजे तिच्या त्या शिकाऊ विमानाची, मागची दोन चाकं लवचीक पोलादी नळ्यांवर असतात. आपटली तर पाय फाकतात, धक्का पचवतात. पुढच्या चाकाचं तसं नाही. त्याचा तेल-हवेचा स्ट्रट, म्हणजे धक्का झेलणारा दांडा, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या भिंतीला, जखडलेला असतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण खालचं काउलिंग, म्हणजे इंजिनाचं झाकण, उतरवून बॅटरी मारली की पत्र्याला सुरकुत्या आणि रिव्हेटभोवती काळी पूड दिसते. आतून कार्पेट उचलूनही बघावं लागतं. रडरचे, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचे, पेडल जड झाले असतील तर भिंत वाकली असं समजायला हरकत नाही.

धावपट्टीवरच्या त्या आडव्या चिरा प्रोपेलरच्या आहेत. पट्टी टाकून मोजायला सांग. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० घाव पडतात. दोन चिरांत ६५ सेंटिमीटर अंतर निघालं तर वेग सेकंदाला २६ मीटर, म्हणजे सुमारे ५० नॉट. मला तरी हा हिशेब आठवणीतल्या आकड्यांपेक्षा भरवशाचा वाटतो.

बहुतेक वेळा सुरुवात जास्तीच्या वेगाने होते. फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, पूर्ण उतरवून ६० ते ७० नॉटने उतरायला यायचं असतं. ६५ च्या जागी ७५ झाले की विमानातली ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. ते तरंगत राहतं, टेकायचं नाव घेत नाही. समोर धावपट्टी संपत चाललेली, म्हणून पोरं योक, म्हणजे हातातलं चाक, पुढे ढकलून त्याला बळंच बसवतात. पुढचं चाक आधी टेकतं, नाक वर उडतं, पंखांना जास्त कोन मिळतो आणि विमान पुन्हा हवेत. घाबरून योक पुन्हा पुढे. हाताचा हा उपाय नेहमी क्षणभर उशिरा पोचतो. झोपाळ्याला नेमका वेळेवर धक्का बसावा तशी प्रत्येक उडी आधीपेक्षा मोठी होते, आणि तिसरी-चौथी बहुधा पुढच्या चाकाच्या जिवावर बेतते. यालाच पोर्पॉइझिंग म्हणतात.

पहिली उडी लहान असेल तर नाक तसंच धरून, थोडी पॉवर देऊन मागच्या चाकांवर बसवता येतं. दुसरी आली की दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. थ्रॉटल पूर्ण, उजवा रडर, फ्लॅप लगेच २० अंशांवर, ६० नॉट धरून चढायचं. उरलेले फ्लॅप उंची मिळाल्यावर. एकदम सगळे काढले तर विमान खाली बसेल.

उन्हाचाही हात असतो. बारामतीसारख्या साडेपाचशे मीटरच्या पठारावर ४० अंशांत वेगाची सुई ६५ नॉट दाखवते, तेव्हा हवेतला खरा वेग ७० च्या आसपास असतो. वर शेपटीमागून वारा असला तर विचारूच नकोस.

प्रोपेलर नवा बसवून काम भागेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. पातं जमिनीला लागलं की, इंजिन बंद पडलं नसलं तरी, झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यापर्यंत, जातो. त्या दांड्याच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि डॉवेल (अडकवणारी खुंटी) तपासायला त्यातलं लायकमिंग कंपनीचं इंजिन उघडावंच लागतं. दिवस त्यात जातात. गंमत म्हणजे, नुकसान नुसतं प्रोपेलर-चाकांपुरतं असेल तर नियमांच्या व्याख्येत तो ‘अपघात’ ठरत नाही. फायरवॉल वाकली की मात्र गोष्ट ढाच्यापर्यंत जाते, आणि मग तो अपघात ठरू शकतो. म्हणून अहवालात जे झालं तेच लिहू दे, शब्द गुळगुळीत करायला जाऊ नये.

सोलो, म्हणजे एकटीने उडणं, पुन्हा सुरू होण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक सराव मागायला सांग: धावपट्टीच्या तीन-चार फूट वरून, न टेकता, थोड्या पॉवरवर विमान नेत राहायचं आणि नजर नाकासमोर नाही, पट्टीच्या पार टोकाला. आणि एक विचार तिला, सीट दर वेळी त्याच उंचीवर लावते का? दोन बोटं खाली बसली तरी फ्लेअरची, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायची, उंची डोळ्याला वेगळी दिसते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या