हजेरी तासाच्या शेवटी घेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. वर्गात कुणी तुमचं कौतुक करायला लागलं की तुम्ही 'पुढचा मुद्दा घ्या' म्हणायचात. जाहीर पत्रात स्वतःचं नाव दिसलं तर पत्रच बाजूला ठेवाल, आणि ते मला परवडणार नाही.

वकिलीची सनद मिळाली, सर. बार परीक्षाही झाली. पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, त्यामुळे इतकी वर्षं केलेली लॅबची रात्रपाळी सोडली. तेव्हापासून जो भेटतो तो माझ्या जिद्दीचं कौतुक करतो. सुरुवातीला बरं वाटलं, आता वैताग येतो. जिद्द काय, सगळ्यांकडेच होती. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेल्या नोकरदारांमध्ये माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा चिवट माणसं होती. पहिलं वर्ष संपेपर्यंत त्यातली बरीच दिसेनाशी झाली. ती अभ्यासात कमी पडली नाहीत. कुणाची पाळी बदलली, कुणाचं नाव कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं, कुणाला साहेबांनी सोडलं नाही. मी राहिले, आणि राहिले त्याचं मोठं श्रेय एका हजेरीच्या मस्टरला जातं. ते मस्टर तुमच्या हातात होतं म्हणून हे पत्र.

पण त्याआधी जे भेटले त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहू द्या, नाहीतर मन मोकळं होणार नाही.

तुमच्या कॉलेजच्या आधी मी आणखी दोन ठिकाणी चौकशी केली होती. एका ठिकाणी खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "नोकरी आहे ना? मग जागा कशाला अडवता?" दुसरीकडे उलट प्रकार. तिथे मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की यायची गरजच नाही, हजेरीचं आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त फी वेळेवर भरा. घरचे खूश झाले. म्हणाले, बघ, किती समजूतदार लोक आहेत! मला मात्र पहिल्या बाईंपेक्षा यांचा जास्त राग आला. त्या बाईंना मी निदान विद्यार्थिनी म्हणून नको होते. यांच्या लेखी मी विद्यार्थिनी नव्हतेच, नुसती पावती होते. तीन वर्षं वर्गाचं तोंड न बघता डिग्री घेऊन मी कोर्टात काय दिवे लावणार होते? आणि ज्याच्या जामिनासाठी उभी राहिले असते, त्या माणसाचं काय?

नोकरीच्या ठिकाणचं तर विचारूच नका. 2024 मध्ये बार कौन्सिलचं, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, पत्रक आलं. नोकरी करत असाल तर कॉलेजला कळवा, मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र आणा. त्या एका कागदासाठी वरिष्ठांनी मला जितकं झुलवलं, तितकं आमच्याकडे रिपोर्टसाठी पेशंटलाही कुणी झुलवत नाही. "वकील होऊन आमच्यावरच केस करणार का?" हा विनोद त्यांनी दर भेटीत केला. दर भेटीत हसावं लागलं.

आता मस्टर.

माझी ड्युटी सुटायची वेळ आणि तुमच्या पहिल्या तासाची वेळ यांत कागदावर पुरेसं अंतर होतं. प्रत्यक्षात रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, वेळेवर आला तर. तो आल्याशिवाय सॅम्पल टाकून निघता येत नाही, हँडओव्हर द्यावाच लागतो. मग धावतपळत दारात पोचेपर्यंत हजेरी संपलेली असायची. पुढचा अख्खा तास मी बसायचे, ऐकायचे, लिहून घ्यायचे, आणि कागदोपत्री गैरहजर असायचे. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागायची. माझा नंबर पुकारून झालेला असला की ते 70 कुठून यायचे? आणि त्याच वेळी मागच्या दाराने काही मंडळी 'प्रेझेंट सर' म्हणून बाहेर पडत असायची. त्यांची टक्केवारी उत्तम होती.

एकदा अशीच दारात उभी राहिले. तुम्ही मस्टर मिटत होतात. तुमची नजर माझ्याकडे गेली, गळ्यातलं आयकार्ड काढायचं राहून गेलं होतं, त्यावर थांबली. तुम्ही मानेने आत या म्हणालात, बस्स. काही विचारलं नाहीत. मला वाटलं, तासानंतर बोलावतील, चौकशी करतील, अर्ज लिही म्हणतील. तेही नाही.

दुसऱ्या दिवशी मस्टर टेबलावर मिटलेलं होतं. पहिल्या बाकावरून कुणीतरी आठवण केली, "सर, हजेरी राहिली." तुम्ही खडू उचलत म्हणालात, "तास व्हायचाय अजून. हजेरी कशाची लावू?" वर्ग हसला. तास संपल्यावर तुम्ही मस्टर उघडलंत आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच तासाला ते आधी उघडलं गेलं नाही.

सर, ही गोष्ट मी अनेकांना सांगितली. ऐकणारा म्हणतो, एवढंच? हो, एवढंच. नियम मोडला नाही, कुणाला सूट दिली नाही. उशिरा आलेल्याला आधी बसल्याचं खोटं श्रेय मिळालं नाही, कारण अर्ध्या तासानंतर कुणी आलं तर तुम्ही त्याचा नंबर सरळ ओलांडायचात, ते आम्ही पाहिलंय. मागच्या दाराने जाणारे तेवढे अडकले आणि काही दिवस कुरकुरले. बाकी वर्गाला यात विशेष काही झालंय हे कळलंसुद्धा नाही. मलाही खात्री व्हायला वेळ लागला. इतर तासांना हजेरी पहिल्यासारखीच सुरुवातीला होत राहिली, तेव्हा उमगलं.

मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू? तुम्ही मला कुणासमोर 'बिचारी' केलं नाहीत. सहानुभूती दाखवणारे मला पुष्कळ भेटलेत, पण त्यांच्या सहानुभूतीला प्रेक्षक लागायचे. 'या बघा, रात्रभर काम करून येतात' असं म्हणून कुणीतरी वर्गासमोर उभं करायचं आणि टाळ्या वाजायच्या. टाळ्या झाल्या की हजेरी मात्र तशीच. तुम्ही टाळ्यांचं खातंच उघडलं नाहीत, वेळापत्रकातली एक गोष्ट उचलून दुसरीकडे ठेवलीत.

पुढे मुदत कायद्याचं कलम 5, म्हणजे उशीर माफ करण्याचं कलम, शिकवताना तुम्ही कातिजीचा निकाल घेतलात, 1987 चा, अनंतनागच्या भूसंपादनाचा. सरकारचं अपील चार दिवस उशिरा आलेलं, उच्च न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळलेलं, सर्वोच्च न्यायालयाने विलंब माफ केला. दिवसादिवसाच्या उशिराचा खुलासा द्या हे तत्त्व असं ताणायचं असेल तर तासातासाचा, सेकंदासेकंदाचा का नको, असा प्रश्न न्यायालयानेच विचारला, हे तुम्ही रंगवून सांगितलंत. मी मनात म्हटलं, सरकारला चार दिवस माफ, मला दहा मिनिटं माफ नाहीत! मग लक्षात आलं की मला ती माफी मागावीच लागली नव्हती. विलंब माफीचा अर्ज करायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था तुम्ही आधीच केली होती. हा निकाल शिकवताना तुमची नजर एकदाही आमच्या बाकाकडे वळली नाही, यातही तुमचा सराईतपणा.

सकाळच्या लॉ कॉलेजचा इतिहास तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितला होतात, तोही नेहमीसारखा हातचं न राखता. पूर्वी कायदा शिकवणारे बहुतेक जण प्रॅक्टिस करणारे वकील, त्यांना अकराला कोर्टात उभं राहायचं असायचं, म्हणून वर्ग सकाळी नाहीतर संध्याकाळी. "तुमच्या सोयीसाठी नव्हतं हो हे, आमच्या सोयीसाठी होतं," असं म्हणून तुम्ही हसला होतात. मग 1855 सालावर आलात. मुंबईत सरकारी लॉ कॉलेज सुरू झालं ते याच साली, आणि पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली तीही याच साली. त्याच सरकारी लॉ कॉलेजचे 1935 मध्ये प्राचार्य झालेल्या बाबासाहेबांनी पुढे 1946 ला सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, तेव्हा सकाळच्या वर्गांचा विचार पोट भरता भरता शिकणाऱ्यांसाठी केला. तेव्हा हे परीक्षेला येणारं नाही म्हणून मी लिहून घेतलं नव्हतं. पण मागच्या बाकावरचा एस.टी.तला कंडक्टर आणि त्याच्या शेजारचे हवालदार मान वर करून ऐकत होते, हे चांगलं आठवतंय.

त्या हवालदारांची आठवण निघालीच आहे तर सांगते. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि 302, 420 ही खुनाची आणि फसवणुकीची, त्यांची आयुष्यभराची पाठ झालेली कलमं 103 आणि 318 झाली. ते हबकले होते. तुम्ही त्यांनाच फळ्यापाशी बोलावून जुनं कलम-नवं कलम असा तक्ता लिहायला लावलात. खाकीतल्या माणसाला वर्गाने पहिल्यांदा 'सर' म्हटलं ते त्या दिवशी. तेही पास झाले, तुम्हाला कळलंच असेल.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना काहीतरी भव्य लागतं. कुणाची फी भरली, कुणाला घरी ठेवून घेतलं. ते मोठंच आहे. पण ज्याच्या हातात मस्टर, शिक्का, चावी किंवा खिडकी असते, त्याला रोज लहानशी सत्ता मिळते, आणि बहुतेक जण ती दुसऱ्याला ताटकळत ठेवायला वापरतात. मी वापरली नसेल असं नाही. रिपोर्टच्या खिडकीवर मीही बसलेय. म्हणूनच तुमचं वागणं मला चटकन ओळखू आलं असावं.

आता एक काम आहे. कॉलेजमध्ये बायोमेट्रिक बसल्याचं कळलं. बार कौन्सिलच्या त्या पत्रकातच आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण अंगठा फक्त सुरुवातीला घेतात म्हणे. आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना अर्ज लिहिलाय की नोंद तास संपताना घ्यावी, निदान दोन्ही वेळा तरी. मसुदा मी केलाय, तुमच्याकडे पाठवते आहे. परिच्छेदांना क्रमांक दिलेत, एका परिच्छेदात एकच वस्तुस्थिती ठेवली आहे, आणि विनंतीचा भाग तुम्ही सांगायचात तसा शेवटी, मोजक्या शब्दांत. तरी लाल शाई लागणारच. गुरुवारपर्यंत दुरुस्त करून मिळाला तर शुक्रवारी आवक शिक्का मारून घेता येईल.

आपली विद्यार्थिनी
(जुन्या मस्टरमध्ये बहुधा गैरहजर)