अस्तराच्या काठावर काहीच छापलेलं नसतं

संपादक महोदय,

स. न.

काल आपल्या पुरवणीत ‘लेबल वाचा, मगच कपडा घ्या’ असा सल्ला वाचला. तो काही डोक्यातून जाईना, म्हणून दुकान उघडायच्या आधी लिहायला बसले. मी सांगलीत २६ वर्षं ब्लाऊज शिवते. ब्लाऊजचं अस्तर ताक्यावरून मीटरने फाडून मिळतं. त्याला लेबल कुठून येणार?

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीच्या नणंदेचं लग्न होतं. भाचीचा गडद निळा ब्लाऊज मीच शिवला. अस्तर ओळखीच्या दुकानातून आणलं, ‘प्युअर कॉटन’ म्हणून. लग्नात दिवसभर घामाने ब्लाऊज भिजला आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, “मावशी, ब्लाऊज काढून ठेवला तरी आग थांबत नाही गं.” जाऊन बघितलं तर दोन्ही मुंढ्यांच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, शिवणीबरोबर लालभडक चट्टे उठलेले. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून नायट्याचं मलम आणलं. त्यात दोन महिने गेले आणि चट्टे पाठीवर पसरले.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी हात वर करायला लावले. काखेचा खळगा स्वच्छ होता, पुरळ होतं ते खळग्याच्या कडेने, जिथे कपडा घासतो तिथे. सेंटची ॲलर्जी असती तर खळग्यातच उठली असती, हे कपड्याचं आहे, असं त्या म्हणाल्या. मग नेमकी कशाची ॲलर्जी ते बघायला पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस पाठीला पाणी लावू दिलं नाही. पट्ट्या काढल्यावर कापडाच्या निळ्या रंगाच्या टिकलीखालची कातडी फुगलेली होती. डिस्पर्स ब्लू म्हणतात त्या रंगाला. हे रंग पॉलिएस्टर, नायलॉनसाठी असतात. धाग्यात ते नुसते मुरलेले असतात, पक्के बांधलेले नसतात, त्यामुळे घामाने आणि घासण्याने सुटून अंगाला लागतात.

पॉलिएस्टरचा रंग सुती अस्तरात कसा? घरी येऊन चिंध्यांच्या पिशवीतून त्या अस्तराची कतरण शोधली आणि दोन धागे काढून काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख चिमटीत विरते. हे धागे आकसले, वितळले आणि त्यांची काळी टणक गोळी झाली. सुताला हा रंग धरतच नाही. म्हणजे ते अस्तर खरंच सुती असतं, तर पोरीच्या अंगाला हा रंग लागलाच नसता. मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे. कापड फाडण्याआधी धागा जाळून बघायला हवा होता, ती चूक माझी. पण विश्वासावर घेतलं.

कतरण घेऊन दुकानात गेले. मालक म्हणाले, “ताई, वाईट रंग सरकारने कधीच बंद केलेत.” १९९७ साली ॲझो नावाच्या जातीतल्या ७० रंगांवर बंदी आली हे खरं, पण ती कर्करोगाच्या भीतीने. खाज उठवणाऱ्या या रंगांचा त्या बंदीशी संबंध नाही. धागा कोणता, किती टक्के हे कापडावर छापायचा नियम तर १९८८ पासून आहे, आणि तो नियम काढणाऱ्या वस्त्रोद्योग आयुक्तांचं कार्यालय दिल्लीत नाही, आपल्या मुंबईतच आहे. मी त्या दुकानातले अस्तराचे चार ताके उलगडून काठ बघितले. एकावरही अक्षर नव्हतं.

पूर्वी परीट कपड्यांवर बिब्याच्या रसाने खुणा करायचे. एखाद्याच्या मानेवर बिबा उतायचा, पण निदान कशाने झालं ते घरातल्या म्हातारीला कळायचं. बिस्किटाच्या पुड्यावर आज गहू, दूध, शेंगदाणे आहेत का ते छापावं लागतं. दिवसभर घामात अंगाला चिकटून राहणाऱ्या कापडावर रंगाची जात का छापत नाहीत? दर मीटरला काठावर दोन शब्द छापायचे, धागा कोणता आणि रंग कोणता. मिलला साडीच्या काठावर स्वतःचं नाव छापता येतं, मग हेही येईल.

भाचीचे चट्टे आता बसलेत, काळे डाग आहेत. निळ्या कपड्याला ती हात लावत नाही. कतरण मी जपून ठेवली आहे. आपला वार्ताहर आला तर त्याच्यासमोर जाळून दाखवते.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, सांगली

ता. क. तयार कपड्यांना लेबल असतं, पण ते मानेला टोचतं म्हणून आठवड्याला दोन-तीन बायका माझ्याकडे ते उसवून घ्यायला येतात. त्यावर लिहिलेलं सगळं इंग्रजीत, धुण्याची चिन्हं कोणालाच कळत नाहीत. मऊ सुती पट्टीवर मराठीत छापायला काय हरकत आहे, हेही आपण विचारावं.