मावशी, ती वही माझ्याकडे आहे

प्रिय मावशी,

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं, ठेवते’ म्हणत मला दोन मिनिटांत वाटेला लावता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. तुम्ही वाचाल. तुम्हाला नीट वाचता येतं हे मला आता कळलंय.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आजीला सांभाळायला दिव्याहून पहिल्यांदा घरी आलात, तेव्हा आजीने तुमचं नाव विचारायच्या आधी ‘कितवी?’ असं विचारलं होतं. पालिकेच्या मराठी शाळेत हयात गेलेली बाई ती. जांभळी नाक्यावर ‘फळे ताजी मिळतिल’ अशी पाटी दिसली की फळं राहायची बाजूला, आधी फळवाल्याला ‘ती’ दीर्घ करायला लावायची. ‘ख्रिश्चन असून मराठी एवढं शुद्ध कसं हो?’ असं कुणी कौतुकाने म्हटलं तरी ती उखडायची. ईस्ट इंडियन हे आमच्या ख्रिस्ती समाजाचं नाव 1887 सालचं, माणसं त्याच्या कितीतरी आधीची, इथलीच, हे ती समोरच्याला उभ्या उभ्या शिकवून सोडायची.

आणि तिचंच एकेक पान गळायला लागलं. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं. गॅस बंद केला की नाही ते आठवेना, मग मी कोण ते आठवेना. पण 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीचे 14 डबे पाठ, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही इंजिनं पाठ! नातीचं नाव गेलं, इंजिनांची राहिली. मला त्याचा राग यायचा, हे आज कबूल करते. तुम्हाला तिने ती नावं विचारली, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘बाई, मला सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ.’ किती हसली होती! घरात तसं हसू खूप दिवसांनी ऐकलं.

तुमच्याशी ठरलं होतं ते बारा तासांचं: अंघोळ, औषधं, जेवण, रविवारी रिक्षाने तलावपाळीसमोरच्या चर्चला नेऊन आणणं. त्यात रोझरी, म्हणजे आमची माळेवरची प्रार्थना, नव्हती. तरी ऐकून ऐकून तुम्ही ती उचललीत. ‘नमो मारिया’चं पहिलं अर्धं ती म्हणायची, पुढचं अर्धं तुम्ही. गुरुवारी मात्र माझं आणि तिचं वाजायचं. रोझरीत येशू-मारियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं, म्हणजे ‘रहस्यां’चं, वारानुसार मनन असतं. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यात प्रकाशाची रहस्यं नव्याने घातली, तेव्हापासून ती गुरुवारी म्हणतात. आजीही तीच म्हणायची. शेवटच्या वर्षी ती मागे गेली, गुरुवारी पुन्हा आनंदाची रहस्यं सुरू केली, तिच्या लहानपणी असायची तशी. मी चूक काढायचे, ती रडकुंडीला यायची. तुम्ही मला बाहेर नेऊन सांगितलंत, ‘ताई, गुरुवार बाईंचा आहे. राहू द्या.’ आमच्या घरात देवाधर्माचं एवढं ज्ञान कुणालाच सुचलं नव्हतं.

आता वहीबद्दल. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, तुमच्या अक्षरातली. आजी एकदा तुमची जपमाळ हातात घेऊन बसली होती. तुमच्या माळेत 108 मणी, तिच्या रोझरीत 59. शिक्षिकाच ती, लगेच गणित घातलं: 108 वजा 59 किती? तुम्ही लिहिलंत 51. ‘हातचा विसरलीस!’ म्हणत तिने लाल पेनाने अशी फुली मारली की मागच्या पानावर वळ उठला. मग शेजारी 49 मांडून दाखवले. दुसऱ्या दिवशी तेच गणित, तुमचं उत्तर 51. तिसऱ्या दिवशीही 51. शेवटी मीच म्हटलं, ‘मावशी, तिला दमवू नका, शिकायचंच असेल तर रविवारी मी शिकवते.’ तुम्ही मान खाली घालून ‘बरं’ म्हणालात.

मातीच्या दिवशी तुमची मुलगी सहज बोलून गेली की आई सातवीपर्यंत वर्गात पहिली यायची, गणितात तर पैकीच्या पैकी. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पदर सारखा करत म्हणालात, ‘फुली मारून झाली की बाई दोन घास जास्त जेवायच्या.’

मावशी, मी आजीला औषधाच्या वेळा लावल्या, महागडं प्रोटीन आणलं, भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर टांगलं. तुम्ही रोज एक गणित चुकलात. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला कळत नाही. आजी असती तर म्हणाली असती, ‘निबंध नको, मुद्द्याचं लिही.’ तर मुद्द्याचं लिहिते: तुमच्यामुळे आमची आजी शेवटपर्यंत बाई राहिली.

आणि एक राहून गेलं, ते मला रोज टोचतं. दफनाच्या वेळी सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली आणि तुम्ही फाटकाजवळ चपला हातात घेऊन उभ्या होतात. घरचे, लांबचे, कोण कोण पुढे झाले, तुम्हाला हाक मारायचं माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा.

2 नोव्हेंबरला आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो, फुलं वाहतो. तुम्ही यायचंच आहे. मी ठाणे स्टेशनला घ्यायला येते, तुम्ही फक्त कुठली गाडी ते कळवा. पहिली मेणबत्ती तुम्ही लावा. वहीही आणीन, ती तुमचीच आहे. शेवटच्या पानावर तेच गणित आहे, खाली तुमचे 51. तपासायचं राहिलंय.

तुमची,
बाईंची नात